तटबंदीला मंजुरी मिळेपर्यंत

ज्या दिवशी शिलाई मशीन मागच्या खोलीतून निघून जेवणाच्या टेबलाशेजारी आलं, त्या दिवशी मानवजातीच्या संरक्षणाला सुरुवात झाली, असं सेनापतींचं मत होतं. त्यांच्या बायकोचं म्हणणं एवढंच होतं की बाहेरच्या खोलीत उजेड कमी आहे आणि काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. पण एकीकडे अख्खी मानवजात आणि दुसरीकडे कुणाच्यातरी पडद्याची शिवण, यात माणूस कुणाची बाजू घेणार? खोली सेनापतींना मिळाली. तिथे कॉम्प्युटर आला, फिरती खुर्ची आली आणि दारावर 'काम चालू आहे' अशी पाटी आली. पाटी त्यांनी ऑफिसातून आणली होती.

ऑफिस म्हणजे नगरपालिकेचा बांधकाम परवानगी विभाग. सेनापती तिथे वरिष्ठ लिपिक होते. गावात कुणाला कंपाउंडची भिंत वीतभर वाढवायची असली तरी तो कागद त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय वाढवता येत नसे, आणि त्यांच्या टेबलावरून कागद जायचा म्हणजे आधी तिथे चांगला मुरायचा. भिंत आणि मंजुरी या दोन गोष्टींत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. सेनापती ही पदवी त्यांना बिल्डिंगने दिली, त्यांनी युद्धाचा व्हिडिओ गेम करायला घेतलाय हे कळल्यावर. पदवी चेष्टेने दिली आहे हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्यांनाच माहीत नव्हतं, त्यामुळे ते जिन्यावरून उतरताना हल्ली जरा छाती काढून उतरत.

खोली देताना बायकोने एकच अट घातली होती. खेळ बाजारात आला की मशीन परत आत. सेनापती म्हणाले, नक्की, लवकरच. सरकारी टेबलामागे बसणाऱ्या माणसाच्या तोंडचं 'लवकरच' किती लांबतं हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. तरी ती हो म्हणाली. संसार कशावर टिकतात याचा अभ्यास करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हरकत नाही.

खेळाचं नाव 'अखेरची तटबंदी'. दूर कुठल्यातरी ग्रहावर उजाड माळावर माणसांची एक वस्ती आहे. दिवस मावळला की डोंगरापलीकडून हत्तीएवढे किडे चालून येतात. खेळणाऱ्याने दिवसा वस्तीतल्या माणसांना कामं लावायची, तट बांधायचा, बुरुज उभारायचे, तोफा चढवायच्या, धान्य साठवायचं आणि वस्ती वाचवायची. हे सगळं सेनापती एकटे करत होते. चित्रं त्यांची, संगीत त्यांचं, तोफेचा आवाजही त्यांचाच, म्हणजे बादलीत पातेलं आपटून काढलेला. वस्तीतली माणसं मात्र त्यांनी समोर दिसेल तशी घेतली. वैद्य घेतला, गवंडी घेतला, लोहार घेतला. बाहेर मशीन चालू होतं म्हणून एक शिंपीण घेतली. पात्र जिवंत वाटायला त्याची एक स्वतःची मागणी असावी, असं कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलं होतं, म्हणून प्रत्येकाला एकेक मागणी चिकटवली. वैद्याला औषधं, लोहाराला कोळसा, शिंपिणीला उजेडाची खोली. या कामाला त्यांना चहाचा एक कप गार होईपर्यंतच वेळ लागला. मग ते तटबंदीकडे वळले, ज्यात त्यांचा खरा जीव होता.

शेवट तर असा होता की लिहिताना त्यांचेच डोळे भरून आले. वस्ती पडली आहे, सगळे गेले आहेत, आणि एकच माणूस उरला आहे. तो ढासळलेल्या तटावर चढतो आणि एकटा झेंडा उभारतो. पाठीमागे सनई. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप त्या एका दृश्यासाठी होता, आणि ते दृश्य एका माणसासाठी होतं. बायकोने ते बघावं आणि तिच्या डोळ्यांत पाणी यावं, एवढीच सेनापतींची इच्छा होती. ते काहीही सांगायला गेले की ती तोंडात टाचण्या धरून ऐकायची. ओठ घट्ट मिटलेले. त्यामुळे ही ऐकतेय, हसतेय की मापं मोजतेय, हे त्यांना इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. डोळ्यांत काही टाचण्या धरता येत नाहीत, असा त्यांचा हिशोब होता.

पहिली चाचणी लेकीने घेतली. ती कॉलेजात होती आणि असले खेळ खेळून खेळून तिचा अंगठा जाड झाला होता. ती खुर्चीत बसली, तिने गवंड्याला तट बांधायला सांगितलं आणि किडे आले तरी गवंडी जागचा हलला नाही.

"बाबा, हा बांधत का नाहीये?"

"मंजुरी यायचीय."

"कुणाची?"

"अधिकाऱ्याची. तो बघ, कोपऱ्यातली झोपडी त्याची."

"झोपडी रिकामी आहे."

"जेवायला गेला असेल."

लेक काही वेळ पडद्याकडे आणि काही वेळ वडिलांकडे बघत राहिली. मग तिला जोराचा खोकला आला आणि ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिथे तिला आणि तिच्या आईला, दोघींनाही, बराच वेळ खोकला येत होता. सेनापतींनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्या दृष्टीने यात विचारण्यासारखं काही नव्हतं. गवंड्याने अर्ज करायचा, अधिकाऱ्याने नकाशा तपासायचा, नकाशाची दुसरी प्रत मागायची, मग मंजुरी, मग वीट. मनात आलं म्हणून कुणीही उठून भिंत बांधायला लागला तर ती वस्ती कसली? माणूस दुसऱ्या ग्रहावर गेला म्हणून काय रीत सोडून देणार? आणि मंजुरीचा क्षण हा किती मोठा असतो हे जगाला कळावं म्हणून त्यांनी तिथे नगारे आणि तुताऱ्या घातल्या होत्या.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. आपण न मागितलेली मदत आपल्या दारात चपला काढून बसते आणि वर चहा मागते, हे ज्यांनी घराला रंग काढलाय त्यांना सांगायला नको. समोरचे मॅनेजरकाका बँकेतून निवृत्त झाले होते आणि कुणीतरी आपलं मत विचारील या आशेवर दार उघडं ठेवून बसायचे. त्यांचं म्हणणं पडलं की वस्तीतल्या माणसांचा विमा उतरवलेला दिसत नाही. खालचे दातांचे डॉक्टर आले, त्यांनी किड्यांच्या तोंडात बारकाईने पाहिलं आणि निराश होऊन मान हलवली. माणसं खाणाऱ्या प्राण्याला असे दात नसतात म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते प्लास्टरचा एक जबडा घेऊन आले आणि किड्यांचे दात सुधारायला त्यांनी शनिवार-रविवार घालवले, अर्थात सेनापतींचे. दात इतके हुबेहूब झाले की किड्याने तोंड उघडलं की कॉम्प्युटरला धाप लागून खेळ जागच्या जागी थिजायचा. शेवटी किड्यांनी तोंड मिटूनच हल्ला करायचा असं ठरलं. डॉक्टर त्यावर नाराज झाले आणि त्यांनी विनाकारण आपल्या बाल्कनीच्या जाळीच्या परवानगीचा विषय काढला, जो कागद नगरपालिकेत कुठेतरी अडकला होता. कुठे, ते सेनापतींना माहीत होतं. त्यांच्या टेबलाच्या डावीकडच्या गठ्ठ्यात. पण घरी ऑफिसचं बोलायचं नाही हे त्यांचं तत्त्व होतं.

आणि मेहुणा होताच. बायकोचा धाकटा भाऊ. ज्या धंद्यात हात घालील तो धंदा सोडून बाकी सगळ्या धंद्यांतलं त्याला कळायचं. तो म्हणाला, भावोजी, माल कसा आहे याला आजकाल कोण विचारतो, गाजावाजा पाहिजे. सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम करू. सेनापतींनी आधी नकार दिला, मग विचार करतो म्हणाले, आणि मग भाषण लिहायला घेतलं.

पण कार्यक्रमाआधी परवानगी हवी होती. नगरपालिकेच्या माणसाने फावल्या वेळात काही उद्योग केला आणि तो विकायला काढला, तर ऑफिसकडून ना हरकत लागते. सेनापतींनी रीतसर अर्ज केला. अर्ज आस्थापना शाखेत गेला. खेळात तट, बुरुज आणि झोपड्या आहेत हे वाचून आस्थापना शाखेने तो अभिप्रायासाठी बांधकाम परवानगी विभागाकडे पाठवला, आणि एके सकाळी तो सेनापतींच्या स्वतःच्या टेबलावर येऊन पडला.

दुसरा कुणी असता तर त्याने दोन ओळी खरडून कागद पुढे सरकवला असता. पण सेनापतींनी चष्मा कपाळावर चढवला, अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि सवयीने त्रुटी काढली. प्रस्तावित तटाची उंची नमूद नाही. ती त्यांनी घरून लिहून आणली. मग बुरुजांमधलं अंतर नियमात बसेना. अर्जदाराने खुलासा करावा, असं त्यांनी लिहिलं. अर्जदाराने खुलासा केला. खुलासा वाचून त्यांना स्वतःचा राग आला, इतका तो मोघम होता. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या की अहो, तुम्हीच की दोघंही, टाका सही. सेनापती म्हणाले, अर्जदार कोण आहे हे बघून काम करण्याची आपल्यात पद्धत नाही. या निःस्पृहपणामुळे बाजारात यायची तारीख तीन वेळा पुढे गेली, आणि मगच अर्जावर त्यांची सही झाली. घरी मशीन तिथेच होतं. बायको आता खिडकीतला उजेड मावळायच्या आत काळं कापड उरकायची आणि संध्याकाळसाठी पांढरं ठेवायची.

ऑनलाइन दुकानानेही हात दाखवलाच. तिथे खेळ चढवताना प्रश्नावली भरायची असते. खेळात मारामारी आहे का, या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर हवं होतं. सेनापतींनी प्रामाणिकपणे लिहिलं की मारामारी प्रस्तावित आहे, परंतु बहुतेक वेळा मंजुरीअभावी होत नाही. दुकानाच्या यंत्राने खेळ परत पाठवला. पुन्हा लिहिलं, पुन्हा परत आला. नियमांवर बोट ठेवून कागद परत पाठवणारं जगात आपल्याखेरीज दुसरंही कुणी आहे, याचा त्यांना धक्काच बसला. चार दिवस ते घरात यंत्रांच्या आडमुठेपणावर बोलत होते. बायको टाचण्या तोंडात धरून ऐकत होती. अखेर लेकीने एका दुपारी हो या शब्दावर खूण केली आणि खेळ मंजूर झाला.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये झाडून सगळी बिल्डिंग आली होती. फुकटचा चहा आणि शेजाऱ्याची फजिती एकाच छपराखाली मिळत असताना घरी कोण थांबणार? पडदा बायकोने शिवला होता, दोन चादरी जोडून. संध्याकाळच्या उजेडात शिवल्यामुळे मधली शिवण तिरकी गेली होती आणि त्या ग्रहावरची जमीन एका बाजूला कलली होती. सेनापतींनी भाषण केलं. ते म्हणाले की मित्रहो, आज तुम्ही जे पाहणार आहात ते पाहून तुम्हाला झोप लागणार नाही. एकटा माणूस अंधाराविरुद्ध कसा उभा राहतो, हा माझा विषय आहे. मग त्यांनी मॅनेजरकाकांना खेळायला बसवलं.

काकांनी गवंड्याला तट बांधायला लावलं. गवंडी तुरुतुरु चालत कोपऱ्यातल्या झोपडीकडे गेला आणि रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिला. टेबलावर एक चष्मा होता. डोंगरामागून किडे निघाले. अधिकारी आला, सावकाश बसला, चष्मा उचलून कपाळावर चढवला आणि म्हणाला, "बघतो."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सेनापतींनी तिकडे कडक नजरेने पाहिलं.

अधिकाऱ्याने नकाशाची दुसरी प्रत मागितली. गवंडी प्रत आणायला परत निघाला. तोवर किडे तोंड मिटून वेशीपाशी आले होते. वाटेत त्यांनी लोहार नेला, वैद्य नेला. तोफेपाशी तोफवाला उभा होता, त्याचा अर्ज गवंड्याच्या अर्जामागे होता. मॅनेजरकाका अर्धवट उठले आणि पडद्यावरच्या अधिकाऱ्याला ओरडून म्हणाले, "अरे, सही करून टाक की, माणसं मरतायत." हॉल हसू लागला. किड्यांनी अर्धी वस्ती नेली, गवंड्यालाही नेलं, आणि ते डोंगरापलीकडे गेल्यावर अधिकाऱ्याने सही केली. त्याबरोबर नगारे आणि तुताऱ्या दणदणीत वाजल्या. मोकळ्या माळावर पाटी झळकली, तटबंदी मंजूर.

लोक खुर्च्यांवरून कलंडले. पण खरा घाव पुढे होता. दातांचे डॉक्टर डोळे पुसत उभे राहिले आणि पडद्याकडे बोट करून म्हणाले, "माझ्या जाळीचा कागद याच्याकडेच आहे." अख्खा हॉल वळून सेनापतींकडे बघायला लागला. सेनापतींनी हा अधिकारी आपल्या साहेबांवरून घेतला होता, साहेबांच्या मिशीसकट. निदान त्यांचा तसा समज होता. त्या क्षणी त्यांचा स्वतःचा चष्मा कपाळावर होता आणि तो खाली घ्यायलाही फार उशीर झाला होता.

अजून शेवट बाकी आहे, या एका आशेवर ते उभे राहिले. पुढच्या हल्ल्यात बाकीची वस्ती गेली, अधिकारीही गेला. एकच माणूस उरला. सनई सुरू झाली. तो झेंडा घेऊन, कधी बांधलाच न गेलेल्या पण शेवटासाठी आधीच चितारून ठेवलेल्या ढासळलेल्या तटावर चढला, क्षणभर थांबला, आणि खाली उतरून झोपडीकडे चालू लागला. झेंड्याची काठी हे सेनापतींनी बांधकामात धरलं होतं. घरच्या चाचण्यांत अधिकारी निदान झेंड्यावर सही करेपर्यंत जिवंत राहायचा, त्यामुळे हे कधी लक्षातच आलं नव्हतं. शेवटचा माणूस हातात झेंडा घेऊन रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिला. सनई वाजत राहिली. तो काही हलला नाही. हॉलमध्ये हसून हसून कुणाला श्वास घेता येत नव्हता. सेनापतींनी बायकोला शोधलं, तर ती चहाचं बघायला मागे गेली होती.

हे सगळं मेहुण्याने फोनवर टिपलं आणि कुणाला न विचारता जगासमोर टाकलं. ऑफिसात काम करणारी माणसं जगात किती असतात याची सेनापतींना कल्पना नव्हती. तेवढ्या सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी खेळ विकत घेतला. कुठून कुठून लिहून आलं. कुणी म्हणालं, इतकं हसलो की चहा नाकातून आला. कुणी म्हणालं, आमच्या ऑफिसातही हाच माणूस बसतो, फक्त मिशी नाही. कुणी लिहिलं, लेखकाची विनोदबुद्धी थोर आहे. विनोदबुद्धी हा शब्द सेनापतींच्या फार जिव्हारी लागला. त्यांच्या घराण्यात ती कुणालाच नव्हती आणि त्याबद्दल सगळ्यांना अभिमान होता.

मेहुणा पेढे घेऊन आल्यासारखा हसत आला आणि म्हणाला, भावोजी, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात. सेनापती भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दोन दिवस ते जेवायला बोलावलं की येत, पण खाताना मानवजातीकडे पाठ करून बसत. तिसऱ्या दिवशी ते पाटी लावून मागच्या खोलीत शिरले आणि त्यांनी खेळ दुरुस्त करून टाकला. अधिकारी काढला, झोपडी पाडली, अर्ज रद्द केले. आता सांगितलं की गवंडी बांधायचा, तोफवाला तोफ डागायचा. झेंडा तर असा सर्रकन वर जायचा की बघतच राहावं. आता रडा म्हणावं, असं पुटपुटत त्यांनी नवा खेळ बाजारात सोडला.

जगाने रडं मांडलं, पण वेगळ्याच कारणासाठी. अधिकारी कुठे गेला? रजेवर गेला का? बदली झाली का? आम्ही पैसे त्याचे दिले होते. एकाने शांतपणे लिहिलं की अधिकाऱ्याशिवाय हा खेळ इतर शंभर खेळांसारखाच आहे, त्यांच्याहून जरा वाईट. सेनापतींनी ते दोनदा वाचलं. त्यांनी शंभरातले काही खेळले होते, त्यामुळे हे खरं आहे हे त्यांना कळत होतं. लेक म्हणाली, "बाबा, परत आण त्याला. तो फार मस्त आहे." तिने ते इतक्या प्रेमाने म्हटलं की ती कुणाबद्दल बोलतेय याचा त्यांना नीट उलगडा झाला नाही. अधिकारी कामावर परत रुजू झाला. नगारेही आले.

खेळ बाजारात येऊन आता बरेच दिवस झाले होते. मशीन मात्र बाहेरच होतं, कारण दुरुस्त्या चालू होत्या. बायकोने विषय काढला नव्हता. एका सुट्टीच्या दुपारी तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं, टाचण्या डबीत टाकल्या आणि म्हणाली, "मला दाखवा बरं तुमचा तो खेळ. मी खेळलेच नाही अजून."

सेनापतींनी घाईने खुर्ची पुसली. ज्या एका माणसासाठी हे केलं, तो आता बसत होता. त्यांनी तिला फिरत्या खुर्चीत बसवलं, कुठे काय दाबायचं ते सांगितलं आणि स्वतः बाहेर मशीनपाशी येऊन बसले. समोर राहिलो तर तिला मोकळेपणी रडता येणार नाही, असा पोक्त विचार त्यांनी केला. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. मग मोठ्याने आला. मग नुसता खुर्ची करकरल्याचा आवाज आला, म्हणजे ती पोट धरून हसत असावी. आपली बायको अशी हसते हे त्यांना माहीत नव्हतं. ते दारावरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. हसू इतकं छान होतं की त्याचा राग धड येईना आणि सोडवेना.

मग आत एकदम शांत झालं. बराच वेळ काहीच आवाज नाही. सेनापती ताठ झाले. शेवट आला असणार. सनई कशी ऐकू येत नाही हा विचार त्यांनी मागे सारला, चेहऱ्यावर बेताचा विनय आणला आणि दार लोटलं.

ती रडत नव्हती. ती शेवटापर्यंत गेलीच नव्हती. तिने वस्तीतल्या शिंपिणीवर बोट ठेवलं होतं.

"हिची मागणी पहिल्या दिवसापासून तशीच आहे," ती म्हणाली. "उजेडाची खोली. पुढे लिहिलंय, विचाराधीन."

"असेल. आधी तटबंदीची कामं निघतात ना, मग..."

"तटबंदी झाली की मिळते?"

खोटं बोलणं अवघड नव्हतं, पण खेळ त्यांनीच लिहिला होता. "नाही," ते म्हणाले.

"मग मंजूर कुठून करायची? मी केव्हाची शोधतेय."

"त्याला बटण नाहीये."

"ठेवलंच नाहीत?"

"सुचलं नाही."

ती पडद्याकडे बघत राहिली. शिंपीण वस्तीच्या कडेला, कुणाच्या मध्ये न येता, अंधारात सुई घेऊन बसली होती. किडे आले की ती उठून आत जायची, गेले की परत येऊन बसायची. सेनापतींनी तिला असं बसवलं होतं आणि त्यानंतर एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"तुम्ही खुशीत होतात म्हणून मी काही म्हटलं नाही," बायको म्हणाली. "खेळ चांगला झालाय. मी इतकी कधी हसले नव्हते. पण हिच्याकडे बघून मला माझंच फार वाईट वाटलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सेनापतींनी ज्याची वर्षभर वाट पाहिली होती ते पाणी त्यांच्यासमोर आलं, आणि ते बघून त्यांना इतकी लाज वाटली की डाव्या गठ्ठ्यातले सगळे कागद एकदम डोळ्यांपुढे आले. सांत्वनाचं काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण 'बघतो' म्हणणार होतो. त्यांनी तोंड मिटलं आणि ते बाहेर गेले.

शिलाई मशीन वजनाला काय असतं हे ज्याने ते कधी उचललं नाही त्याला कळायचं नाही. आवाज ऐकून मॅनेजरकाका आले आणि म्हणाले, आधी दार बिजागरीतून काढा. डॉक्टर वर आले आणि म्हणाले, कमरेतून वाकू नका. मेहुण्याला कुणीतरी फोन लावला, तो म्हणाला, मी येईपर्यंत हात लावू नका. सेनापतींनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचाही अभिप्राय न घेता काम सुरू केलं. मशीन चौकटीला अडलं, त्यांच्या अंगठ्यावर बसलं, पाटी खाली पडून दोन तुकडे झाले. पण मशीन आत गेलं, खिडकीखाली, जिथे आधी होतं. कॉम्प्युटर बाहेर जेवणाच्या टेबलावर आला. लंगडत ते डॉक्टरांना म्हणाले की उद्या तुमच्या जाळीचं करतो. डॉक्टरांनी ते गंभीरपणे ऐकलं आणि कुणीही त्यावर विश्वास ठेवला नाही.

मग सगळे गेले. आतून मशीनचा आवाज सुरू झाला. सेनापती टेबलाशी बसले आणि शिंपिणीचं बटण लिहायला घेतलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बाहेरच्या खोलीत खरंच काही दिसत नाही. चष्म्यासाठी कपाळ चाचपलं. चष्मा नव्हता. तो खिडकीच्या कट्ट्यावर राहिला होता. ते उठून दारापाशी गेले आणि त्यांनी हलकेच टकटक केली. मशीन थांबलं.

"अगं, माझा चष्मा आत राहिलाय. आलो तर चालेल का?"

 आतून बायकोचा आवाज आला, ओठ मिटून बोलल्यासारखा, म्हणजे तोंडात टाचण्या असाव्यात.

"अर्ज करून ठेवा," ती म्हणाली. "बघते."

आणि मशीन पुन्हा सुरू झालं. सेनापती दाराबाहेर उभे राहिले. मंजुरी यायची होती.